पोटखराब जमिनीवरचा लांडगा

आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा एक शब्द आहे. गटाच्या पोटातले जे क्षेत्र लागवडीखाली येऊ शकत नाही, ज्यातून धान्य निघत नाही, त्याला महसुली भाषेत हे नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आमच्या घराण्याचा जो गट आहे, त्याचा निम्म्याहून अधिक भाग या पोटखराबात मोडतो. मुलुंडच्या घरी कपाटातल्या एका फायलीत हा उतारा कित्येक वर्षे पडून होता. मी तो चार-पाच वेळा हाताळला असेन, पण त्या शब्दापाशी कधी थांबले नव्हते. दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरल्यावर चुलतभावाचा फोन आला. "ताई, माळाला गिऱ्हाईक आलंय. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी प्लॉटिंग करायचं म्हणत्यात. तुझी सही लागंल," तो म्हणाला. भाव चांगला होता, त्याच्या दोन्ही मुलींची शिक्षणे चालू होती आणि ज्या माळावर हुलगाही कधी धड आला नाही त्याला मागणी आली, याचा आनंद त्याच्या आवाजात होता. सही करायची म्हणूनच मी परळहून दहिवडीच्या एसटीत बसले. ती सही मी अजून केलेली नाही आणि त्याचे कारण एक लांडगा आहे.

माझे आजोबा माणदेशातून लालबागला आले आणि गिरणीत साच्यावर लागले. दुष्काळी मुलखातली हजारो माणसे त्याच वाटेने गिरणगावात उतरली, त्यांतलेच ते एक. त्याआधी, आठ-दहा वर्षांचे असताना, ते मेंढरे राखत. घरची थोडी मेंढरे गावातल्या धनगरांच्या कळपात सोडलेली असत आणि त्या मेंढरांबरोबर आजोबाही. चाळीतल्या त्यांच्या पहिल्या रात्रीची हकिकत आमच्या घरात अनेकदा सांगितली जाई: पहाटे गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ते दचकून उठले आणि दहा जण झोपलेल्या त्या खोलीत अंधारात काठी चाचपू लागले. भोंग्याचा आवाज लांबून, खालच्या सुरात सुरू होऊन चढत जातो, आणि त्यांच्या कानांना तसा आवाज आजवर एकाच प्राण्याचा ठाऊक होता.

लांडग्याची म्हणून त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, तिच्यात लांडगा जवळजवळ नाहीच. रात्री राखणीला असताना त्यांचा डोळा लागला आणि तेवढ्यात लांडग्याने वाघरीखालून एक कोकरू ओढून नेले. वाघर म्हणजे मेंढरांच्या भोवती रात्री उभारायची दोरखंडाची जाळी. आजोबांना वाटले, आता मार बसणार. म्हाताऱ्या धनगराने मात्र एवढेच विचारले, "कुणाचं?" म्हणजे कोणत्या मेंढीचे. आजोबांनी सांगितल्यावर तो उठला, त्या मेंढीला बाजूला घेतले आणि आई मेलेले एक पोरके कोकरू तिच्या कासेला लावायच्या खटपटीत पहाटेपर्यंत बसून राहिला. लांडग्याबद्दल तो काही बोलला नाही. ही गोष्ट लहानपणी मला अपुरी वाटायची. लांडग्याचे पुढे काय झाले, असे मी विचारायची आणि आजोबा म्हणायचे, "त्याचं काय व्हायचंय? त्याचं पोट भरलं."

शाळेत शिकलेली 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट याच्या अगदी उलट होती आणि आम्हा मुंबईच्या मुलांना तीच खरी वाटे. आपल्या भाषेतही लांडग्याच्या वाट्याला चांगला शब्द आलेला नाही. जमावाने मिळून एखाद्याची मालमत्ता किंवा अब्रू ओरबाडली की आपण 'लांडगेतोड' म्हणतो, लुबाडणाऱ्याने 'लचके तोडले' म्हणतो. वाघाच्या नावाने आपण पोराचे कौतुक करतो, लांडग्याच्या नावाने करत नाही. महाभारतातल्या भीमाला 'वृकोदर', म्हणजे लांडग्याच्या पोटाचा, हे नाव मिळाले तेही त्याच्या न भागणाऱ्या भुकेमुळेच.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी माळावर गेले. जमीन शेवटची एकदा नीट पाहून घ्यावी, एवढाच हेतू होता. पाऊस जाऊन महिना झाला होता, कुसळी गवत पिकून पिवळे पडले होते आणि चालताना त्याची कुसळे कपड्यांत घुसून टोचत होती. मधूनमधून बोरीची झुडपे, एखादा हिवर, तरवडाची पिवळी फुले. शेजारच्या गटात प्लॉटिंगची आखणी आधीच झाली होती. चुना मारलेले दगड ओळीने रोवले होते आणि प्रत्येकावर तांबड्या रंगात आकडा घातलेला होता. त्या दगडांच्या ओळीतून एक कुत्रा येतो आहे असे मला वाटले. हा कुत्रा नव्हे हे कशावरून कळले ते सांगणे अवघड आहे. पाय अंगाच्या मानाने लांब होते, शेपूट वर वळलेली नसून सरळ खाली सोडलेली होती, पण मुख्य म्हणजे चालण्यात कुत्र्याची भिरभिर नव्हती. कुत्रा वाटेत दहा ठिकाणी थांबतो, मागे वळतो, पुन्हा पळतो. हा प्राणी मात्र ठरलेल्या कामाला निघालेल्या माणसासारखा एका रेषेत, एकाच लयीत दुडकत चालला होता. त्याचा रंग गवताचाच होता, फक्त पाठीवर काळसर केसांची झाक होती. मी श्वास रोखून उभी होते. चौदा आकड्याच्या दगडापाशी तो थांबला, दगड हुंगला, पाय वर करून त्यावर मुतला आणि पुढे निघाला. दहा-पंधरा पावलांवर जाऊन त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. मी कोण आहे आणि किती अंतरावर आहे याची नोंद करावी तसे ते पाहणे होते. मग तो ओढ्याच्या घळीत उतरला आणि दिसेनासा झाला.

नंतर मी त्या दगडापाशी जाऊन उभी राहिले. लांडगे आपल्या मुलखाच्या वाटांवर, ठळक दगडांवर आणि झुडपांवर अशा खुणा सोडत जातात, हे मी पुढे वाचले. एका कळपाचा मुलूख शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचाही असू शकतो. आमच्या मुलुंडच्या मागे पसरलेले, बोरिवलीपर्यंतचे सगळे राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यात व त्याच्या कडेने चाळीस-पन्नास बिबटे राहतात. चार-सहा लांडग्यांच्या एका कुटुंबाला तेवढी किंवा त्याहून जास्त जमीन लागते आणि ती उघडी, गवताची लागते. त्या मुलखात आमचा गट येतो, शेजारचा येतो, पुढची चार-सहा गावे येतात. चौदा नंबरच्या दगडावर त्या पहाटे दोन मोजण्या एकावर एक पडल्या होत्या आणि त्यांतली एक मला वाचता येत होती, दुसरी येत नव्हती.

हा जो आपल्या माळावरचा लांडगा, त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते दख्खनमध्येच. मुंबई सरकारच्या सेवेतले कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या पाहणीचे काम करताना इथल्या प्राण्यांची यादी केली आणि १८३१ साली लंडनमध्ये या लांडग्याचे वर्णन 'पॅलिपेस' या नावाने प्रसिद्ध केले. त्या लॅटिन नावाचा अर्थ फिकट पायांचा. युरोपातल्या लांडग्यापेक्षा हा अंगाने लहान, साधारण वीस किलोंचा, आखूड केसांचा आणि उन्हाळ्यातल्या माळावर टिकेल अशा काटक बांध्याचा. बराच काळ त्याला जगभरच्या करड्या लांडग्याचा एक फाटा समजले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र असे दाखवले की भारतीय लांडग्याचा वंश बाकीच्या बहुतेक लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला असून आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या वंशांपैकी तो एक आहे. असा प्राणी देशात आज सुमारे तीन हजार उरला आहे. वाघांची संख्या याहून थोडी अधिकच भरते. वाघ कमी झाला की वर्तमानपत्रांत मथळे येतात आणि ते यायलाच हवेत, पण माझ्या माळावरचा तो प्राणी वाघाइतकाच दुर्मीळ आहे हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

त्याच दिवशी संध्याकाळी माळाच्या खालच्या अंगाला धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. वाडा म्हणजे त्यांचे फिरते बिऱ्हाड: घोड्यांच्या पाठीवरून उतरवलेले सामान, तीन दगडांची चूल, वाघरीत कोंडलेली मेंढरे, पाटीखाली झाकलेली नवी कोकरे. दिवाळीनंतर ही माणसे कोकणात उतरतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात, मेंढरांच्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या आधी पुन्हा देशावर परततात. वाड्यातले सर्वांत वयस्क बाबा चुलीपाशी बसले होते. मी सकाळचे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "उजव्या कानाला फाटलेला हाय का?" एवढे माझ्या लक्षात आले नव्हते. "त्योच असंल. त्याची मादी व्यायला आलीया. त्या घळीतच घालती पिल्लं. दरसाल."

मी विचारले, "बाबा, तुमची मेंढरं नेतो ना तो?"

"नेतोय की. आवंदा दोन कोकरं नेली." मग थोडा वेळ काटक्या सारून ते म्हणाले, "अन् डांबरीवर एका रातीत टरकाखाली सात गेली. त्येचं काय करायचं, बाय?"

मी त्यांना नुकसानभरपाईबद्दल विचारले. लांडग्याने जनावर मारले तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी वेळेत कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो, आणि मेलेले जनावर दाखवावे लागते. बाबांनी शांतपणे समजावले की कोकरू नेले तर दाखवायला काही उरतच नाही, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा तीन मुक्काम पुढे गेलेला असतो. त्यांनी ही तक्रार म्हणून सांगितली नाही, परंतु मी ती तक्रार म्हणूनच लिहीत आहे. ज्याच्या जिवावर लांडगा जगतो त्या माणसाचे नाव आपल्या कागदात बसत नाही, कारण आपला कागद एका जागी राहणाऱ्या माणसासाठी केलेला आहे.

काळविटे, चिंकारे आणि ससे जिथे पुरेसे उरले नाहीत, तिथे दख्खनचा लांडगा मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवरच जगतो. म्हणजे धनगर सरला तर लांडगाही सरेल, ही गोष्ट मला त्या चुलीपाशी पहिल्यांदा समजली. आम्हा मुंबईकरांच्या ताटापर्यंतही ती येते. दख्खनची मेंढरे-बकरी ट्रकांतून देवनारच्या कत्तलखान्यात येतात आणि रविवारी आमच्या घरोघरी शिजतात. त्याच कळपातला एखाददुसरा घास लांडग्याने घेतला तर आपण त्याला चोर म्हणतो. दख्खनी लोकरीला आज जवळजवळ भाव उरला नाही, घोंगड्या विणणारे हात कमी झाले, चराऊ राने आटली आणि मेंढपाळांची मुले ट्रक चालवू लागली. बाबांचा नातूही पुण्यात कंपनीत होता.

बाबांची ती वृत्ती सर्व धनगरांची आहे असे मी म्हणणार नाही. लांडग्याच्या बिळात धूर कोंडणारे, बिळाचे तोंड दगडांनी बुजवणारे, मेलेल्या जनावरात विष घालणारे लोकही याच माळांवर आहेत, आणि ज्याची पाच-दहा मेंढरे एका रात्रीत गेली त्याच्या रागाला मी मुलुंडमध्ये बसून नावे ठेवू शकत नाही. पण राग येणे वेगळे आणि एखादा प्राणी मुळापासून संपवायचे धोरण ठरवणे वेगळे. ते धोरण इंग्रज सरकारने ठरवले होते. ज्या देशातून ते अधिकारी आले तिथला लांडगा सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपवला गेला होता, आणि लांडगा नसलेला मुलूख हाच सुधारलेला मुलूख, अशी त्यांची समजूत होती. मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे असे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला वाघाच्याच पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसवले. मात्र वाघासाठी देशात पन्नासहून अधिक व्याघ्र प्रकल्प झाले आणि खास लांडग्यासाठी म्हणून राखलेले अभयारण्य दीर्घकाळ झारखंडमधले महुआडांड हे एकच राहिले.

मुंबईला परतल्यावर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी ऋग्वेदाचे मराठी भाषांतर काढून बसले, कारण कोणीतरी मला सांगितले होते की त्यात एका लांडगीची हकिकत आहे. ती पहिल्या मंडलात आहे. ऋज्राश्व नावाच्या तरुणाने एका लांडगीला शंभर मेंढे खाऊ घातले, एके ठिकाणी तर एकशे एक म्हटले आहे. त्याच्या बापाला याचा इतका संताप आला की त्याने मुलाचे डोळे घालवले. मग त्या लांडगीनेच अश्विनीकुमारांचा धावा केला की या आंधळ्याला सुख द्या, याने माझ्यासाठी मेंढे कापले. अश्विनांनी त्याला दृष्टी परत दिली. मी ती ऋचा पुन्हा पुन्हा वाचली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, जेव्हा मेंढरे हीच संपत्ती होती, तेव्हा कुणीतरी लांडगीच्या तोंडी प्रार्थना घातली होती, आणि तीही माणसासाठी केलेली. त्याच मंडलात अश्विनांनी लांडग्याच्या जबड्यातून एका लाव्याची सुटका केल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे ते कवी भाबडे नव्हते, लांडग्याचा जबडा त्यांनी जवळून पाहिलेला होता. शंभर मेंढे घालणे हा अतिरेकच होता, बापाचे दुःखही खोटे नव्हते. तरीही सूक्तकाराने डोळे काढणाऱ्या बापाची बाजू घेतली नाही, याचे मला फार मोल वाटते.

इथवर लिहून मी थांबले होते, कारण २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या. लांडग्यांनी रात्री घरांत शिरून लहान मुले उचलली. काही आठवड्यांत आठ-दहा जणांचे बळी गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्याआधी १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात प्रतापगढ, सुलतानपूर आणि जौनपूर या जिल्ह्यांत सत्तरहून अधिक मुलांवर हल्ले झाले होते. या आयांना मी काय सांगू? गवताळ प्रदेशाचे महत्त्व त्यांना ऐकवणे हे क्रौर्य ठरेल. ज्याने मुले उचलली तो लांडगा पकडला पाहिजे, पकडता आला नाही तर मारलाही पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या बातम्यांमध्ये एक तपशील होता जो माझ्या मनातून जात नाही: हल्ले झालेल्या अनेक घरांना दारेच नव्हती. नंतर प्रशासनाने काही घरांना दारे बसवून दिली. ज्या घराला दार नाही त्या घरातले मूल लांडग्याच्या आधी आणखी कशाकशाला उघडे पडलेले असते, हे आपण विचारायला हवे होते. महाराष्ट्रात लांडगा आणि मेंढपाळ इतकी वर्षे एकाच माळावर झोपत आले, मेंढपाळांची मुले उघड्यावर वाढली, तरी मुले उचलण्याचा असा प्रकार माझ्या आजोबांच्या किंवा बाबांच्या बोलण्यात कधी आला नाही. एकाच प्राण्याच्या या दोन वागण्यांमागे भक्ष्याची टंचाई, वस्तीची ठेवण, राखणीची सवय अशी अनेक कारणे असणार. त्या सगळ्यांना बाजूला सारून लांडग्याच्या स्वभावावर सगळे ढकलणे मला पटत नाही.

मुलुंडला आम्ही बिबट्याबरोबर राहायला शिकलो आहोत, म्हणून हे बोलण्याचे थोडे धैर्य होते. २००४ च्या उन्हाळ्यात उद्यानाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली. त्या काळात संध्याकाळी सातनंतर आमच्या इमारतीतले कोणी खाली उतरत नसे. दुसरीकडून पकडलेले बिबटे इथे आणून सोडण्याने प्रश्न चिघळतो, कचऱ्यावर पोसलेली कुत्री बिबट्याला वस्तीत ओढतात, उघड्यावर शौचाला बसलेले मूल त्याला लहान जनावरासारखे दिसते, हे सगळे पुढे अभ्यासकांनी आणि वनखात्याने लोकांना समजावले आणि लोकांनी ते ऐकले. याच उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली आणि महादेव कोळी तर वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या हे जाणत होते. मग आपल्याला लांडग्याबाबत हे का जमू नये? मला एक उत्तर सुचते. बिबट्या लपू शकतो. झाडी, नाला, इमारतीची मागची भिंत, एवढे त्याला पुरते, म्हणून आपण त्याची जागा घेतली तरी तो आपल्या फटींत राहतो. मुंबईच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे याच कारणाने तग धरून आहेत. लांडग्याला फट पुरत नाही. त्याला मोकळा माळ लागतो आणि मोकळा माळ ही अशी एकच गोष्ट आहे जी मोकळी दिसताच आपल्याला भरून काढावीशी वाटते.

सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत कितीतरी झुडपी आणि गवताळ राने मोडतात. पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे, सौर पॅनेल बसवणे, कालवा नेणे, प्लॉट पाडणे यांपैकी काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते. आणि वस्ती वाढली की तिच्यामागून कुत्री येतात, कोंबड्यांच्या फार्मबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर ती वाढतात, लांडग्यांना आजार देतात आणि आता त्यांच्याशी संकरही होऊ लागला आहे. पुणे जिल्ह्यात तांबूस रंगाचे काही वेगळेच दिसणारे लांडगे माळांवर फिरताना आढळले, तेव्हा त्यांच्या जनुकांची तपासणी झाली आणि ते कुत्रा आणि लांडगा यांच्या संकरातून आले असल्याचे सिद्ध झाले. ज्या वंशाला वेगळे व्हायला लाखो वर्षे लागली तो असा हळूहळू कुत्र्यात विरघळून जाऊ शकतो, हे वाचून मला विषप्रयोगाच्या बातमीपेक्षाही अधिक अस्वस्थ वाटले.

चुलतभावाला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "ताई, तू म्हणतीस ते खरं असंल. पण लांडगा माझ्या पोरींची फी भरणार हाय का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आईबापांच्या मुलाला, कालव्याचे पाणी कधी येईल याची वाट पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला, माळ तसाच ठेव असे मुंबईहून सांगणे सोपे आहे. शेवटी आम्ही असे केले: त्याच्या हिश्श्याच्या किमतीपैकी मला जमेल तेवढी रक्कम मी हप्त्यांनी त्याला देते आहे, घळ आणि घळीच्या दोन्ही बाजूंचा माळ विकायचा नाही असे ठरले आहे, आणि खालचा, रस्त्याकडचा तुकडा त्याने विकला. तिथे आता कुंपण आहे. हा व्यवहार माझ्या ऐपतीचा शेवट आहे, लांडग्याचा प्रश्न याने सुटत नाही हे मला माहीत आहे. बाकीच्या माळाचे मालक दुसरे आहेत.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत पेणजवळ एका भाताच्या खाचरात बाबांचा वाडा उतरला होता. त्यांच्या मुलाशी फोनवर बोलणे झाले होते, म्हणून मी पनवेलहून तिकडे गेले. कोकणातल्या दमट हवेत मेंढरे मलूल दिसत होती. बाबा घोंगडी पांघरून बसले होते आणि त्या घोंगडीला तोच वास होता जो आजोबांच्या वळकटीला यायचा. मी विचारले, इथे लांडग्याचा त्रास होतो का? "ह्यो मुलूख त्याचा न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडचं लांडगं घाट उतरत न्हाई. इथं बिबट्या." रात्री आवाज झाला तर समजत नाही कशाचा आहे ते, म्हणून इथे झोप लागत नाही, असेही म्हणाले. मग त्यांनी मला माळाचे विचारले. कुंपण कुठवर आले, घळीकडची वाट उघडी आहे का, आणि या थंडीत पिल्ले झाली का. शेवटचे मला माहीत नव्हते. चुलतभावाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, मी बघितली नाहीत, पण घळीच्या तोंडाशी लहान पावलं उठल्यात. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि किती आहेत, कोणत्या अंगाला गेली आहेत, बरोबर मोठं पाऊल किती, असे बारीकसारीक विचारत ते बराच वेळ बोलत राहिले.